विकिपीडियावरील वनस्पतिविषयक लेखन : स्वयंसेवी दुरुस्तीचा इतिहास

प्रास्ताविक

वनस्पतींविषयीची माहिती एकट्याने संकलित करता येत नाही, ही गोष्ट ज्ञानसंकलनाच्या इतिहासात फार पूर्वीच दिसून आलेली आहे. कोचीन येथील डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड याने सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. मलबारातील सातशेहून अधिक वनस्पतींची सचित्र वर्णने त्यात आहेत. ग्रंथावर नाव व्हान रीडचे असले, तरी पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे निवेदन छापलेले आहे. कोकणी वैद्यांचे निवेदन नागरी लिपीत असून ते १६७५ सालचे आहे. माहिती कोणी दिली, याची कबुली ग्रंथातच असावी हा संकेत त्या काळी रूढ नव्हता. पुढील दोन-अडीचशे वर्षांच्या वसाहतकालीन वनस्पतिग्रंथांत स्थानिक माहितीदार बहुधा अनामच राहिले.

या पार्श्वभूमीवर विकिपीडिया या महाजालावरील मुक्त ज्ञानकोशाचा विचार केला, तर त्याचे एक वैशिष्ट्य इतिहासाच्या अभ्यासकास महत्त्वाचे वाटेल. या ज्ञानकोशाच्या प्रत्येक पानामागे त्या पानाचा इतिहास जपलेला असतो. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द घातला वा काढला, हे तेथे नोंदलेले असते आणि ते कोणासही पाहता येते. छापील ज्ञानकोशाच्या दोन आवृत्त्यांमध्ये काय घडले, हे शोधण्यासाठी संपादकांचा पत्रव्यवहार हाती लागावा लागतो. येथे तो पत्रव्यवहारच पानाला जोडलेला आहे. लेखकाचे खरे नाव मात्र पुष्कळदा टोपणनावामागे दडलेले असते. म्हणजे श्रम दिसतात, श्रमिक दिसत नाही.

प्रस्तुत लेखात २००१ पासूनच्या काळात विकिपीडियावरील वनस्पतिविषयक माहिती कशी बदलत गेली, याचा मागोवा घेतला आहे. मुख्य साधन इंग्लिश विकिपीडियाचे आहे, कारण या विषयावरील निर्णायक वाद तेथेच झाले. या मागोव्यातून असे दिसते की, वनस्पतींवरील लेखांची संख्या वाढण्याचा काळ आणि त्यांची गुणवत्ता वाढण्याचा काळ हे एकच नव्हते. लेख पुष्कळदा घाईने जन्माला आले, आणि ते विश्वसनीय झाले असतील तर ते नंतरच्या तपासणीमुळे झाले. हे तपासणीचे काम कंटाळवाणे, न संपणारे आणि जवळजवळ अदृश्य असते.

प्रारंभीची वर्षे

जिमी वेल्स व लॅरी सँगर यांच्या ‘नुपीडिया’ या २००० सालच्या प्रकल्पात प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या समीक्षेच्या सात टप्प्यांतून जात असे. परिणामी फारच थोडे लेख पूर्ण झाले. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने हा क्रम उलटा केला : आधी प्रकाशन, नंतर तपासणी.

वनस्पतींच्या बाबतीत याचा पहिला परिणाम असा झाला की, हाताशी जे मुक्त साहित्य होते ते उचलले गेले. १९११ च्या एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकातील मजकुरावरील स्वामित्वहक्क संपलेला असल्याने अनेक लेखांचा पाया त्यावर घातला गेला. अमेरिकेच्या कृषी विभागाची वनस्पतिसूची शासकीय प्रकाशन म्हणून मुक्त होती. चित्रांच्या बाबतीत तर एकोणिसाव्या शतकाने विकिपीडियावर राज्य केले असे म्हणावे लागेल. ओटो विल्हेल्म थोमे याच्या जर्मन वनस्पतिग्रंथातील (१८८५) व क्योलर याच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथातील (१८८७) सुरेख रंगीत चित्रे ही पुष्कळ लेखांची पहिली चित्रे होती. १७८७ पासून निघणाऱ्या ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’मधील चित्रेही तशीच वापरली गेली. सप्टेंबर २००४ मध्ये ‘विकिमीडिया कॉमन्स’ हे सामाईक चित्रभांडार सुरू झाल्यावर हळूहळू छायाचित्रे आली. २००६ नंतर जगातील मोठ्या वनस्पतिशास्त्रीय ग्रंथालयांनी एकत्र येऊन उभारलेल्या ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’मुळे जुने ग्रंथ घरबसल्या पाहता येऊ लागले.

जुन्या साहित्यावर उभ्या राहिलेल्या या लेखांत जुन्या चुकाही आल्या. डिसेंबर २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ नोंदींची तुलना केली. तेव्हा विकिपीडियाच्या एका नोंदीत सरासरी सुमारे चार आणि ब्रिटानिकाच्या नोंदीत सुमारे तीन चुका आढळल्या. या तुलनेवर ब्रिटानिकाने तीव्र आक्षेप घेतला. सर्वसाधारण चर्चेत या आकड्यांना नको तितके महत्त्व मिळाले. वनस्पतींच्या क्षेत्रात खरा प्रश्न चुकांच्या सरासरीचा नव्हता. एखादी वनस्पती म्हणजे नेमकी कोणती, हेच पुष्कळ ठिकाणी ठरलेले नव्हते.

नावांचा प्रश्न

लेखाचे शीर्षक लोकांच्या तोंडी असलेले नाव असावे की शास्त्रीय नाव, यावर इंग्लिश विकिपीडियावर वर्षानुवर्षे वाद चालला. ज्ञानकोश सामान्य वाचकासाठी आहे, तेव्हा शीर्षक रूढ नावाचे हवे, हा सर्वसाधारण नियम. पक्ष्यांच्या लेखांत तो चालला, कारण इंग्रजीत पक्ष्यांची प्रमाण नावे ठरलेली आहेत. वनस्पतींना तसे प्रमाणीकरण नाही. एकच नाव अनेक वनस्पतींना आणि अनेक नावे एकाच वनस्पतीला, ही सर्व भाषांतील स्थिती आहे. अखेरीस वनस्पतिप्रकल्पातील स्वयंसेवकांनी शास्त्रीय नावच शीर्षक म्हणून वापरण्याचा संकेत मान्य करून घेतला. शेती, बागकाम, व्यापार वा संस्कृतीत ज्यांना स्वतंत्र स्थान आहे अशा वनस्पती त्यातून वगळण्यात आल्या. रूढ नावे आणि जुनी शास्त्रीय नावे ‘पुनर्निर्देशना’द्वारे योग्य पानाकडे वळविण्यात आली.

या निर्णयाचे मोल मराठी वाचकास ‘अशोक’ या नावावरून कळेल. मराठीत सीतेचा अशोक (साराका असोका) हाही अशोक, आणि रस्त्याच्या कडेला, शाळांच्या आवारात सरळसोट वाढणारा उंच वृक्ष हाही अशोकच. दुसऱ्याचे शास्त्रीय नाव पॉलिअल्थिया लाँजिफोलिया असे होते. २०१२ पासून तो मोनून लाँजिफोलियम झाला. दोन्ही वृक्षांची कुळेसुद्धा वेगळी आहेत. स्त्रीरोगांवर आयुर्वेदाने सांगितलेली साल पहिल्याची. औषधी मालाच्या बाजारात तिच्या जागी दुसऱ्याची साल मिसळली जाते, ही भेसळ सुपरिचित आहे. ज्ञानकोशातील ‘अशोक’ या एका पानावर एकाचे वर्णन व दुसऱ्याचे छायाचित्र आले, तर ती केवळ शैक्षणिक चूक राहत नाही.

शास्त्रीय नावे स्वीकारल्याने वाद संपले मात्र नाहीत; ते शास्त्राच्या अंगणात गेले. तुळशीला लिनियसने १७५३ मध्ये ऑसिमम टेन्युइफ्लोरम आणि १७६७ मध्ये ऑसिमम सँक्टम अशी दोन नावे दिली. भारतीय ग्रंथांत दुसरे रुळले. अग्रक्रमाच्या नियमानुसार विकिपीडियाने पहिले स्वीकारले. भारतीय वाचक वारंवार ते ‘दुरुस्त’ करतात आणि स्वयंसेवक ते पुन्हा पूर्ववत करतात. दोघांचाही हेतू शुद्ध असतो, ही यातील गंमत.

बाभळीचे प्रकरण याहून गंभीर. ‘अकेशिया’ हा शब्द मूळ ग्रीक असून तो ईजिप्तमधील काटेरी झाडाचा, म्हणजे आपल्याकडील बाभळीच्याच जातीचा वाचक होता. आधुनिक अभ्यासाने ही विस्तीर्ण प्रजाती एकसंध नसून ती फोडली पाहिजे, असे दाखवून दिले. मग मूळ नाव कोणत्या तुकड्याकडे ठेवावयाचे? ऑस्ट्रेलियातील जातींची संख्या नऊशेहून अधिक असल्याने नाव तिकडे द्यावे, असा प्रस्ताव आला. २००५ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत वादग्रस्त मतदानानंतर तो टिकला आणि २०११ च्या मेलबर्न परिषदेत कायम झाला. ज्या झाडामुळे हे नाव जन्माला आले, त्या बाभळीलाच ते सोडावे लागले. बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका, हिवर व्हॅचेलिया ल्युकोफ्लीया आणि खैर सेनेगॅलिया कॅटेचू या नावाने ओळखला जातो.

आफ्रिका आणि भारतातील अनेक अभ्यासकांना हा निर्णय रुचला नाही. विकिपीडियावर त्याचे पडसाद उमटणे अपरिहार्य होते. ज्ञानकोशाने मूळ संशोधन करू नये, प्रसिद्ध झालेलेच नोंदवावे, असा तेथील मूलभूत नियम आहे. पण प्रसिद्ध साहित्यातच दोन पक्ष असतील तर? स्वयंसेवकांनी येथे एक मध्यममार्ग काढला. नव्या, संकुचित अर्थाच्या अकेशियाचे पान वेगळे ठेवले, आणि जुन्या, व्यापक अर्थाच्या अकेशियासाठी दुसरे पान करून फाळणीची हकिकत तेथे दिली. यानंतर उरले ते शेकडो पानांचे स्थलांतर. प्रत्येक पानाचे शीर्षक, त्यातील चौकट, जुन्या नावाचे पुनर्निर्देशन, चित्रांचे वर्गीकरण आणि अन्य लेखांतील उल्लेख बदलावे लागतात. एवढे करूनही वाचकाला पानात नवे काही दिसत नाही.

कुळांची फेरमांडणी

नावांपेक्षाही व्यापक उलथापालथ वर्गीकरणाने घडविली. भारतातील महाविद्यालयांत दीर्घकाळ बेंथम व हुकर यांची १८६२ ते १८८३ या काळातील पद्धती शिकविली गेली, आणि वनस्पतिसंग्रहालयांची कपाटेही तिच्याच क्रमाने लावलेली असत. अमेरिकेत क्राँक्विस्ट यांची मांडणी प्रचलित होती. विकिपीडियाच्या प्रारंभीच्या लेखांतही बव्हंशी तीच दिसते. परंतु १९९८ मध्ये जनुकीय पुराव्यावर आधारलेली ‘एपीजी’ पद्धती प्रसिद्ध झाली होती. तिच्या सुधारित आवृत्त्या २००३, २००९ व २०१६ मध्ये आल्या. विकिपीडियाच्या वनस्पतिप्रकल्पाने ही पद्धती स्वीकारली.

एका कोरफडीच्या पानावरून या बदलाची कल्पना येते. जुन्या पुस्तकांत कोरफड लिलिएसी कुळात आहे. पुढे ती ॲस्फोडेलेसीत गेली. २००९ च्या आवृत्तीने तिला झँथोऱ्हिएसी या अवघड नावाच्या कुळात नेले, आणि २०१६ च्या आवृत्तीने पुन्हा ॲस्फोडेलेसीत आणले. कोरफडीचे पान मात्र कुंडीत जसेच्या तसे होते! कांदा व लसूण ॲमॅरिलिडेसीत गेले, शतावरी ॲस्परॅगेसीत. साग व्हर्बिनेसीतून तुळशीच्या लॅमिएसीत आला. काटेसावरीचे बॉम्बॅकेसी कुळ माल्व्हेसीत विलीन झाले आणि रुईचे ॲस्क्लेपिएडेसी कुळ ॲपोसायनेसीत. ज्या प्राध्यापकांनी आयुष्यभर ही कुळे वेगळी शिकविली, त्यांच्या विद्यार्थ्यांनी विकिपीडिया उघडल्यावर तेथे ‘चुका’ दिसल्याची तक्रार केली, तर ती समजण्याजोगी आहे. पुस्तक आणि पान यांच्यात अंतर पडले होते. आणि या बाबतीत मागे राहिले होते ते पुस्तक.

एका कुळाचा बदल म्हणजे शेकडो पानांतील चौकटींचा बदल. प्रारंभी ही दुरुस्ती पानागणिक हाताने केली जाई, आणि अर्धवट राहिलेल्या दुरुस्तीमुळे सख्ख्या जाती दोन वेगळ्या कुळांत नोंदलेल्या दिसत. २०१० च्या सुमारास एक तांत्रिक सुधारणा झाली. प्रत्येक गटाचे स्थान एकाच जागी नोंदवावे आणि सर्व पानांवरील चौकटींनी ते तेथून घ्यावे, अशी ही व्यवस्था होती. जुन्या चौकटी तिच्यात आणण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

यंत्रलेखकांचे युग

मनुष्यबळ अपुरे पडत असताना स्वयंचलित आज्ञावलीकडून, म्हणजे ‘बॉट’कडून, लेख लिहवून घेण्याची कल्पना पुढे येणे स्वाभाविक होते. २००२ मध्येच अमेरिकेच्या जनगणनेच्या आकडेवारीवरून सुमारे तीस हजार गावांचे लेख अशा रीतीने तयार झाले होते. २००७ मध्ये एका बॉटने संकटग्रस्त जातींच्या जागतिक लाल यादीवरून हजारो त्रोटक लेख निर्माण केले. एक-दोन वाक्ये, एक चौकट, एक संदर्भ, असे त्यांचे स्वरूप होते. लेख कोरडे होते, पण त्यांचा आधार निश्चित होता.

२००९ चा शैवालांचा प्रयोग मात्र फसला. शैवालविषयक एका मान्यवर माहितीसाठ्यावरून बॉटने काही हजार लेख तयार केले. मूळ साठा विश्वसनीय होता. तो वाचण्याची आज्ञावलीची रीत सदोष होती. जातींच्या संख्या चुकल्या, स्वीकृत नावे व त्यांची पर्यायी नावे यांत घोळ झाला. शैवालांची जाण असलेल्या एका संपादकाच्या ध्यानात हे आल्यावर चर्चा झाली. प्रत्येक लेख तपासून दुरुस्त करावा की सर्व पुसावेत, असा पेच होता. तपासणाऱ्यांची संख्या आणि लेखांची संख्या यांचा मेळ बसणे शक्य नसल्याने ते लेख सरसकट काढून टाकण्यात आले. एका बाजूने हा पराभव होता. दुसऱ्या बाजूने पाहता, चुकीचा लेख असण्यापेक्षा लेख नसणे बरे, हे तत्त्व या ज्ञानकोशात प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर अमलात आले. लेखसंख्येचा अभिमान मिरविणाऱ्या प्रकल्पासाठी हा निर्णय सोपा नव्हता.

सर्वांनी हाच धडा घेतला, असे मात्र नाही. स्वीडिश विकिपीडियावर ‘एलएसजेबॉट’ या आज्ञावलीने ‘कॅटलॉग ऑफ लाइफ’ या सूचीवरून सजीवांच्या जातींचे लाखो लेख तयार केले, आणि जून २००३ नव्हे तर बरोबर दहा वर्षांनी, जून २०१३ मध्ये, त्या विकिपीडियाचा दहालाखावा लेख याच बॉटच्या खाती जमा झाला. फिलिपीन्समधील सेबुआनो भाषेचा विकिपीडिया तर याच रीतीने जगातील सर्वांत मोठ्या विकिपीडियांत जाऊन बसला. छोट्या भाषेला काहीच नसण्यापेक्षा एवढे तरी असावे, हा यामागील युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. परंतु मूळ सूचीत नाव बदलले की असे लेख शिळे होतात आणि ते बदलण्यास त्या भाषेत पुरेसे हात नसतात.

याच्या नेमके उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातील ‘बँक्सिया’ या प्रजातीचे आहे. जोसेफ बँक्स याने १७७० मध्ये प्रथम गोळा केलेल्या व १७८२ मध्ये धाकट्या लिनियसने बँक्सचे नाव दिलेल्या या प्रजातीवर मोजक्या स्वयंसेवकांनी अनेक वर्षे काम केले. एकेका जातीचा शोध, नामकरणाचा इतिहास, परागण, वणव्याशी असलेले नाते, बुरशीजन्य रोग यांची माहिती त्यांनी मूळ शोधनिबंध वाचून लिहिली. बँक्सिया इंटेग्रिफोलिया, बँक्सिया ब्राउनी यांसारखे लेख इंग्लिश विकिपीडियाच्या सर्वोच्च श्रेणीत गेले. २००७ मध्ये मास्ट व थिएल या शास्त्रज्ञांनी ड्रायांड्रा ही नव्वदहून अधिक जातींची प्रजाती बँक्सियात विलीन केली, तेव्हा या बदलाची हकिकत नीट सांगू शकतील असे वाचक-संपादक तेथे आधीपासून होते. असे क्षेत्र विकिपीडियावर विरळाच. त्यामागे योजनेपेक्षा काही माणसांची आवड अधिक होती, हेही मान्य केले पाहिजे.

स्वामित्वहक्क आणि नक्कल

वनस्पतीचे वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहिणे दिसते तितके सोपे नाही. ‘पाने एकाआड एक, साधी, अंडाकृती, पाच ते दहा सेंटिमीटर लांब’ हे वाक्य दुसऱ्या शब्दांत कसे लिहावे? शास्त्रीय वर्णनाची भाषा तारेच्या मजकुरासारखी काटेकोर असते. त्यातील तथ्यांवर कोणाचा हक्क नसतो. पण त्यांची निवड व मांडणी लेखकाची असते. त्यामुळे वर्णन उतरवून घेण्याचा मोह विकिपीडियावर सतत दिसतो.

महाराष्ट्रातील वनस्पतींच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अडचणीचा आहे. डॅलझेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ (१८६१) आणि थिओडोर कूक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ (१९०१ ते १९०८) हे ग्रंथ मुक्त आहेत. ते वाटेल तसे वापरता येतात. पण त्यांतील नावे व कुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रसिद्ध झालेले महाराष्ट्राचे वनस्पतिग्रंथ अद्ययावत आहेत, तर ते हक्काने बांधलेले आहेत. परिणामी मुक्त ज्ञानकोशात कूकची माहिती सहज येते आणि नंतरच्या संशोधनाची माहिती केवळ वाचून, पचवून लिहिणाराच आणू शकतो. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘फायटोकीज’सारख्या मुक्त परवान्याच्या नियतकालिकांनी ही कोंडी काहीशी फोडली.

नक्कल हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा नाही, हे पुण्याच्या अनुभवाने दाखवून दिले. २०११ मध्ये पुण्यातील काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विकिपीडियावर लेखन करवून घेण्याचा प्रायोगिक कार्यक्रम झाला. शेकडो विद्यार्थी सहभागी झाले. त्यांच्या लेखनाचा मोठा भाग पुस्तकांतून व संकेतस्थळांवरून उतरवलेला निघाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कार्यक्रम थांबवावा लागला. हा मजकूर शोधून पुसण्याचे काम जगभरातील स्वयंसेवकांनी केले. दोष केवळ विद्यार्थ्यांना देणे अन्यायाचे होईल. संदर्भ पाहून स्वतःच्या शब्दांत लिहिणे, हे ज्यांना पदवीच्या वर्गापर्यंत कोणी शिकविलेच नाही, त्यांच्यापुढे एकदम जगाला दिसणारे कोरे पान ठेवले गेले होते.

मराठीतील स्थिती

मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. त्यापूर्वी मराठीत ज्ञानकोशाची परंपरा समृद्ध होती. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आणि वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली आकारास आलेला मराठी विश्वकोश हे तिचे मोठे टप्पे. विश्वकोशातील वनस्पतींवरील नोंदी आजही वाचनीय आहेत. पण छापील नोंद त्या काळच्या वर्गीकरणाशी बांधलेली असते, आणि बाभळीची जुनी नोंद २००५ चा निर्णय सांगू शकत नाही.

विश्वकोशाने दिलेली परिभाषा हा मात्र मोलाचा वारसा होता, आणि तो नव्या माध्यमात नीट उतरला नाही. विश्वकोशाच्या परिभाषेत ‘प्रजाती’ म्हणजे अनेक जातींचा गट आणि ‘जाती’ म्हणजे त्यातील एक घटक. ‘फायकस प्रजातीतील वड, पिंपळ व उंबर या जाती’ असे तेथील वाक्य असे. हिंदीत मात्र ‘प्रजाति’ हा शब्द नेमका घटकासाठी वापरतात. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि भाषांतरे यांच्या मार्गाने हा अर्थ मराठीत शिरला. आज मराठीत ‘या प्रजातीत’ असे वाचले की लेखकाच्या मनात कोणता अर्थ आहे हे मागील-पुढील वाक्यांवरून ताडावे लागते. २०१५ पासून विकिपीडियावर भाषांतराचे साधन उपलब्ध झाल्यावर एका भाषेतील लेख दुसरीत नेणे सुलभ झाले, पण असे साधन परिभाषेचा विवेक शिकवीत नाही. एका शब्दाने उलटा झालेला अर्थ व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्यात सुखाने नांदतो, आणि म्हणून तो सापडत नाही.

दुसरी अडचण स्थानिक नावांची. कूक व त्याच्या पूर्वसूरींनी मराठी नावे आस्थेने नोंदविली, पण रोमन लिपीत. त्या लिपीत न आणि ण, ल आणि ळ, त आणि ट, द आणि ड यांचा भेद बहुधा उरत नाही. रोमन लिपीतून परत आलेला सह्याद्रीतील ‘नाणा’ वृक्ष ‘नाना’ होतो. ‘किंजळ’चा ‘किंजल’ आणि ‘बिबळा’चा ‘बिबला’ होतो. महाजालावरील याद्या एकमेकींवरून उतरवल्या जात असल्याने अशी रूपे पसरत जातात, आणि पसरली म्हणून प्रमाण ठरतात. रानात हे झाड ओळखणारा माणूस आणि संगणकावर त्याचे पान लिहिणारा माणूस यांची गाठ पडली, तरच ही दुरुस्ती होऊ शकते. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत अशी गाठ घालून देणारे शिक्षक आहेत; त्यांच्या सहलींच्या वह्यांत वाडीवस्तीवरची नावे नागरीत लिहिलेली असतात.

एक प्रश्न भाषांना जोडणाऱ्या दुव्यांचाही आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘विकिडेटा’ या माहितीसाठ्याद्वारे विविध भाषांतील पाने परस्परांना जोडली जातात. तेथे वनस्पतीच्या जुन्या व नव्या शास्त्रीय नावांच्या नोंदी वेगळ्या असू शकतात. एखाद्या भाषेतील पान जुन्या नावाच्या नोंदीला जोडलेले राहिले आणि बाकीच्या भाषा नव्या नोंदीकडे गेल्या, तर ते पान एकटे पडते. वाचकाला वाटते, त्या भाषेत या झाडावर काही लिहिलेलेच नाही.

अशा तुटलेल्या दुव्यांची जुळणी आणि जुन्या संदर्भांची अदलाबदल हेच या स्वयंसेवकांचे रोजचे काम झाले आहे. क्यू व मिसूरी येथील वनस्पतिउद्यानांनी डिसेंबर २०१० मध्ये ‘द प्लांट लिस्ट’ ही सूची प्रसिद्ध केली. २०१३ च्या आवृत्तीत सुमारे १० लाख ६४ हजार जातिनामे होती. त्यांपैकी सुमारे ३ लाख ५० हजार स्वीकृत ठरविण्यात आली होती. म्हणजे झाडांच्या तिप्पट नावे. विकिपीडियाच्या असंख्य पानांनी या सूचीचा आधार घेतला. त्या आवृत्तीनंतर मात्र ती सुधारली गेली नाही, आणि तिची जागा ‘वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन’ व २०१७ मध्ये क्यूने सुरू केलेल्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या सूचींनी घेतली. या दोन सूचींचेही सर्वत्र एकमत नसते. त्यामुळे जुना संदर्भ काढून नवा घालणारा स्वयंसेवक प्रत्येक पानाशी थांबतो, नाव अजून तेच आहे का पाहतो, बदलले असल्यास कोणी, केव्हा व कोणत्या निबंधात बदलले हे शोधतो, आणि पानाच्या इतिहासात एका ओळीची नोंद ठेवून पुढील पानाकडे वळतो.